बोट थांबत नाही

“माणशी दोन डॉलर? नीट बघितलंस ना?” मिसेस ऑल्स्टेडनी चष्मा वर सरकवला.

“हो मॅम. गावातली बस आहे. शेवटच्या थांब्यावर उतरून अर्धा तास चाललं की समोर हिमनदी.”

“आणि बोटीवाले त्याच बर्फाचे शंभर मागतात. चोर कुठले.” बाई खूश झाल्या.

सहलीची बोट आज जूनो बंदराला लागणार होती. तिथला सगळा बेत मिंडाने एका कागदावर उतरवला होता. बसच्या वेळा, चालायची वाट, न्यायची सँडविचं, बसायचा बाक, फुकटची स्वच्छतागृहं कुठे तेसुद्धा. सिअ‍ॅटलच्या घरी चार वर्षं बाईंचं जेवणखाण, औषधपाणी, पाय चेपणं तीच करत होती. आता हे आणखी एक काम. बाईंकडे पैशाला तोटा नव्हता, पण हातून सुटताना जीव जायचा.

“ही शेवटची ओळ कसली? तुमच्या फिलिपिन्सचं काय खरडलंयस?”

“प्रार्थना आहे मॅम. प्रवासाच्या कागदावर लिहितो आम्ही.”

“लिही बाई. प्रार्थनेला पैसे पडत नाहीत.”

शेजारच्या टेबलावर पेट्री नावाचे निवृत्त पोस्टमास्तर न्याहारी करत होते. ही त्यांची अकरावी सफर. नवख्यांना घाबरवण्यात त्यांना भारी गोडी.

“स्वतःच्या स्वतः फिरणार? धाडस आहे बुवा,” ते म्हणाले. “बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. तुमच्यासाठी नाही थांबायची. गेल्या साली एक बाई राहिली. बंदरात उतरलं की फोनमधलं घड्याळ आपोआप तासभर मागे जातं, आणि आपली बोट चालते सिअ‍ॅटलच्या वेळेवर. आली धापा टाकत, तर धक्का रिकामा.”

“मग हो?” मिंडाने विचारलं. ती बाईंची कॉफी ओतत होती.

“मग काय. अधिकारी खोलीतली तिजोरी उघडतात, राहिलेल्याचा पासपोर्ट धक्क्यावरच्या एजंटाकडे देतात आणि बोट सोडतात. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.”

“ऐकलंस?” बाई म्हणाल्या. “अंगावरच्या कपड्यांनिशी उभी राहशील. ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही तिथे.”

मिंडाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दोघींचे पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत होते आणि तिजोरीचा आकडा फक्त बाईंना ठाऊक होता. घरीही तेच, कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यात. मागितला की ठरलेलं उत्तर, “वेंधळी आहेस. हरवशील.”

बोट साडेपाचला सुटणार होती. मिंडाने हातातलं घड्याळ बोटीच्या घड्याळाशी दोनदा ताडून पाहिलं आणि मगच ती खाली उतरली.

जूनोत झिमझिम चालू होती. बस वेळेवर मिळाली, वाट सापडली, हिमनदीही निळीशार दिसली. मिंडाला मात्र तिच्याकडे बघायचं सुचेना. दर पाच मिनिटांनी नजर घड्याळाकडे जायची. एवढीशी चूक झाली तर सगळा बेत पाण्यात, हेच डोक्यात घुमत होतं. सँडविचला तिने हातही लावला नाही. तिचं सँडविच मग बाईंनीच खाल्लं.

“भूत बघितल्यासारखी काय बसलीस? अजून तीन तास आहेत,” बाई खेकसल्या.

परतताना थांब्यावर बस समोर आली आणि बाईंनी पिशवी चाचपली. “माझी दुर्बीण कुठाय?”

दुर्बीण बाईंच्या मेलेल्या नवऱ्याची होती. पिशवी मिंडाने भरली होती.

“बाकावर राहिली वाटतं, मॅम.”

“वेंधळी ती वेंधळीच. पळ, घेऊन ये. मी नाही थांबणार, माझी गोळीची वेळ झालीय. मागच्या बसने ये. आणि उशीर केलास तर तुझं तू निस्तर.”

बस बाईंना घेऊन निघून गेली.

दुर्बीण बाकावरच होती. मिंडा ती छातीशी धरून परत फिरली. वाटेत लोक घोळक्याने उभे होते. झाडीत काळं अस्वल होतं म्हणे. तीही थांबली. अस्वल गेलं, लोक पांगले, आणि मागची बस तिच्या डोळ्यांदेखत सुटली.

त्यानंतरची आली तेव्हा पाच वाजायला आले होते. खिडकीशी बसून तिने अख्खी जपमाळ संपवली.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा बोटीचा भोंगा वाजत होता. वरच्या कठड्याला माणसांची ही गर्दी. उशिरा येणाऱ्यांची तारांबळ बघणं हा त्यांचा रोजचा फुकट तमाशा.

“पळ! पळ!” ते ओरडू लागले.

तिला पळावंच लागलं. पुढे एक जोडपं धावत होतं, ते पोचलं. जिन्यावरचा खलाशी तिलाही हात करून बोलवू लागला. “चल, चल, घेतो तुला!” तेवढ्यात तिचा पाय अडखळला. बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला वाकली. गाठ काही केल्या बसेना.

मान वर केली तेव्हा जिना उचललेला होता. बोट धक्क्यापासून हातभर दूर होती, मग दहा हात. कठड्यावरचे लोक हळहळले.

पिवळ्या जाकिटातला एजंट छत्री घेऊन आला.

“फोनच्या घड्याळाने घात केला ना? दर आठवड्याला एक तरी असतंच.” त्याने तिचं नाव विचारलं आणि लिफाफा पुढे केला. “तुमच्या मालकीणबाई तिजोरी उघडू देत नव्हत्या म्हणे. आमचा नियमच आहे म्हटल्यावर त्यांचं काही चाललं नाही. रडू नका हो. सकाळी पुढच्या बंदराला फेरीबोट आहे, गाठाल बोट. तिकीट काढू?”

“नको,” मिंडा म्हणाली. गळ्यातली दुर्बीण काढून तिने त्याच्या हातात दिली. “ही तेवढी मॅमना पोचती करा.”

लिफाफ्यात पासपोर्ट होता. चार वर्षांपूर्वीचा तिचा चेहरा आत हसत होता. तो छातीशी धरून तिने खिशातला ओला कागद काढला आणि पेन्सिलीने एकेका ओळीपुढे खूण केली. बस. वाट. सँडविच. बाक. शेवटी आपल्या भाषेतल्या त्या ओळीपुढेही केली. तिथे दोनच शब्द होते: बोट चुकव.