पदकवाला लूप

"ताई, तुटेल तुटेल म्हणून घाबरवू नका, या लूपला हात लावायचा नाही. यानेच मला पदक दिलंय," शार्दूलने धनुष्य माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवत बजावलं. प्रत्यंचा ओढण्यासाठी बांधलेला तो दोरीचा फास झिजून अर्धा झाला होता. ताणताना तुटला, तर त्याचीच मूठ त्याच्या दातांवर बसणार आणि उद्याची निवड चाचणी हुकणार.

"बरं," मी म्हणाले. तो जेवायला गेल्यावर मिलिमीटर मोजून त्याच जागी नवा फास बांधला आणि जुना दिसावा म्हणून चहाच्या चोथ्याने मळवला.

चाचणीत शार्दूल पहिला आला. "बघा ताई, तुमचं विज्ञान उगाच घाबरवतं."

"चुकलंच माझं."

आता संघातलं कुणीच लूप बदलू देत नाही. दुपारी सगळे जेवायला गेले, की मी आठ नवे फास मळवत बसते.