पंच्याहत्तर अंश

जलकेंद्राचा हीटर पहाटे जळाला आणि टाकीतलं पाणी पन्नास अंशांवर उतरलं. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूंचं, टाकीत सोडलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, पाण्यातलं कीटकनाशकाचं विष तोडायचं, पण पंच्याहत्तर अंशांना. पन्नासला ते जेमतेम चालायचं.

"पाणी गरमच आहे की, यमुनाताई. सोडा नळाला," सरपंच म्हणाले. "पोरं सकाळपासून तहानलीत."

"विष तसंच आहे, भाऊ. सोडणार नाही," केंद्र सांभाळणाऱ्या यमुनाताई म्हणाल्या. "घरोघरचे बंब पेटवा. उकळतं पाणी टाकीभोवतीच्या हौदात ओतू."

सरपंच रागावून गेले आणि थोड्या वेळाने स्वतःच्या घरचा बंब घेऊन आले. बायकांनी हंडे वाहिले. यमुनाताईंचे हात पोळले, तरी त्या हटल्या नाहीत. दुपारी पारा पंच्याहत्तरला टेकला. तिन्हीसांजेला विष तपासायची पट्टी कोरी निघाली, तेव्हा कुठे त्यांनी नळ सोडला.