पोटातला सरकारी माल

भांगेचं पोतं वजनकाट्यावर ठेवून तपासणीला आलेले एक्साइजचे साहेब म्हणाले, "दोन किलो कमी आहे, अण्णा. परवाना रद्द."

सरकारमान्य दुकान चालवणाऱ्या अण्णांनी दाराशी पडलेली आपली शेळी दाखवली. "हिनं खाल्लंय, साहेब. बघा, सकाळपासून गालातल्या गालात हसतेय."

साहेबांनी शेळीच्या डोळ्यांत बॅटरी मारून खात्री केली. "म्हणजे माल हिच्या पोटात आहे. मग परवाना राहील. पण सरकारी माल दुकानाबाहेर जाता कामा नये." त्यांनी शेळीच्या गळ्यात दोरी बांधून लाखेचं सील ठोकलं. पंच मीच होतो, म्हणून छातीठोक सांगतो.

पुढल्या तपासणीपर्यंत शेळीला तीन करडं झाली. साहेबांनी तीही काट्यावर ठेवली आणि अण्णांना विनापरवाना साठा वाढवल्याची नोटीस दिली.