एक जूनची पोरं

कागद आधीच टाइप करून ठेवला होता, नाझनीननं नुसती सही करायची होती. ‘ईमेल यंत्रणेत कोणताही दोष नाही. सदर मेल कु. साक्षी हिनेच पाठवला आहे.’ तिनं तो दोनदा वाचला आणि पेनाला परत टोपण लावलं.

टेबलापलीकडे क्लासचे मालक गुरुपादप्पा सर. अलीकडे, भिंतीला टेकून, बारावीची साक्षी आणि देवणीकडून पहिल्या एसटीनं आलेले तिचे वडील व्यंकट. परवा साक्षीच्या खात्यातून फिजिक्सच्या सरांना एक मेल गेला होता, आणि त्यातली भाषा मोठ्यानं वाचायची सोय नव्हती. मी लिहिला नाही, असं पोरगी शपथेवर सांगत होती. सरांचं म्हणणं एकच, पासवर्ड तिचा, म्हणजे मेल तिचा. क्लासातून नाव कमी, आजच्या आज. परीक्षा दोन महिन्यांवर होती. आता गावी गेली तर ती पुन्हा लातूरला यायची नाही, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

मेलचा हा सगळा कारभार नाझनीननं उभा केलेला. गंजगोलाईत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मकबूलभाईंची ही मुलगी, बापासारखीच बारीक कामाची. क्लासचा सर्व्हर, त्यावरचे मेल दाखवणारं इंटरनेटवरचं पान, अकराशे पोरांची खाती, सगळं तिच्या हातचं. वर दिवसभर फोन. मॅडम, मेल उघडंना. कॅप्स लॉक काढ, बेटा. त्या पानाचा तिला अभिमान होता, आणि आज त्याच पानाला जामीन राहायला सरांनी तिला बोलावलं होतं.

सुरुवातीचा पासवर्ड जन्मतारीखच ठेवायची, ही कल्पना सरांची. पोरं विसरत नाहीत, आणि अर्जावर ती असतेच. पहिल्यांदा खातं उघडलं की पासवर्ड बदलायला लावू, असं नाझनीन तेव्हा म्हणाली होती. कशाला, सर म्हणाले, निम्मी पोरं नवा विसरतील आणि तुमचाच फोन वाजत राहील. तिनंही मान डोलावली. फोनचा कंटाळा तिलाही होताच.

तिनं साक्षीला जन्मतारीख विचारली. एक जून, साक्षी म्हणाली.

“ती शाळंची,” व्यंकट मधेच बोलले. “खरी न्हाई. भूकंपाच्या आधी चार वर्सं, पोळ्याच्या आदल्या दिशी झाली ही. मी बैलं धूत व्हतो. हेडमास्तरनं इचारलंच न्हाई, एक जून लिवून टाकलं. समद्यांचंच तसं लिवतेत, ताई.”

नाझनीनची स्वतःची तारीख दवाखान्याच्या दाखल्यावरची, खरीखुरी. खेड्यातल्या पोरांना शाळाच वाढदिवस वाटून देते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं सरांच्याच कॉम्प्युटरवर यादी काढली. अकराशेपैकी चारशे बारा पोरं एक जूनची, आणि वर्षही बहुतेकांचं सारखंच. चारशे बारा घरांना एकच कुलूप तिनं आपल्या हातानं लावलं होतं. कुणीही कुणाच्या घरात शिरावं आणि नाव मात्र घरमालकाचं व्हावं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि समोरच्या कागदाचा त्याहून जास्त राग आला.

सरांनी यादी पाहिली आणि आवाज खाली आणला. नव्या वर्षाचे प्रवेश चालू आहेत, हे खोलीबाहेर जाता कामा नये. सही करा, मागाहून काय ती दुरुस्ती गुपचूप करा. नसेल जमत तर उद्यापासून येऊ नका. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर नाझनीननं ओढायचा.

“उद्यापासून नाही येणार, सर,” ती म्हणाली. “पण चूक माझ्या पानाची आहे. ती या पोरीच्या नावावर मी लिहून देणार नाही. आणि अकराशे पोरांना हे आजच कळवणार.”

कळवा, सर म्हणाले, कोण विश्वास ठेवतो बघू. असं कुणाचंही खातं उघडायला ती काय धर्मशाळा आहे?

व्यंकट इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, सायेबांचं गाव कंचं? औशाजवळचं, सर तुटकपणे म्हणाले.

“शाळा गावातलीच आसंल,” व्यंकट म्हणाले. “मंग तुमची बी एक जूनच.”

नाझनीनला आठवलं, सर कॉलेजातून निवृत्त झाले ते मागच्या वर्षी, दोन हजार पाचच्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, साठ भरली म्हणून; एक जूनवाल्यांना आदल्या दिवशीच घरी पाठवतात. त्यांचं खातंही जन्मतारखेवरच उघडलेलं; पुढं त्यांनी पासवर्ड बदलला होता की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी तिनं कीबोर्ड साक्षीपुढं सरकवला.

साक्षीनं सरांचं नाव टाइप केलं. मग शून्य एक, शून्य सहा. वर्ष नाझनीननं सांगितलं, एकोणीसशे पंचेचाळीस. साक्षीनं एंटरवर बोट ठेवलं.

“थांब,” सर म्हणाले.

साक्षीनं बोट काढलं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं मान वर केली.

“कुठं थांबू, सर?” तिनं विचारलं. “हितं, का क्लासात?”