वाकलेली पट्टी

लाटंबार्शे गावच्या माळावरच्या शर्यतीत गौरेशची भलीमोठी रिमोटची गाडी पुन्हा बंद पडली. घरी येताच त्यानं ती बायको सिद्धीपुढं आदळली. “गिअर तूच वाकडो बसवलंस!” सिद्धीनं झाकण उघडलं. नव्या गिअरचे दात एकाच बाजूनं झिजले होते. तिनं मोटर हलवून पाहिली. “गिअर बरो होतो. मोटरीखालची पट्टी वाकली हा, म्हणान दात तिरके घासतत. गेल्या खेपेक हरल्यार तूच गाडीक लाथ मारलंस, तेव्हाच वाकली.” गौरेशनं तिच्या थोबाडीत मारली. ती गाडीवर कोसळली, ओठ फुटला. त्यानं पुन्हा हात उगारला, तेवढ्यात त्याची आई देवकी आतून धावत आली. जमिनीवरचा लोखंडी पाना उचलून तिनं मुलाच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. “आये, माझो हात!” गौरेश किंचाळला. देवकी म्हणाली, “तुझ्या बापाशीचो हात मोडूक माका कधी धीर झालो नाय.”