फोलपट

"आधी तुमचा सबद बोला गुरुजी, मंगच खाट उचलू," रुखमिणी म्हणाली आणि खाटेच्या कडेवर ठाण मांडून बसली.

गोपीचंद गुरुजींना क्षणभर काही कळेना. खाटेवर रुखमिणीची सून ललिता होती. रोवणी करताना धानाच्या बांधीत तिला नाग चावला होता. चिखलानं भरलेला पाय टम्म सुजला होता आणि पापण्या मिटत चालल्या होत्या. पवनीची एसटी फाट्यावर उभी होती. ड्रायव्हरला हातापाया पडून थांबवलं होतं, पण तो तरी किती थांबणार? खाट उचलायला चार गडी तयार होते. ते सारे रुखमिणीच्या तोंडाकडे पाहत होते. ललिताचा नवरा श्रावण, तोही आईच्याच तोंडाकडे पाहत होता.

"कोणता शब्द?" गुरुजींनी विचारलं.

"तोच तुमचा. फोलपट."

धान पाखडताना जे वाऱ्यावर उडून जातं, ज्यात दाणा नसतो, ते फोलपट. पवनीत देव, भूत, नवस काहीच न मानणाऱ्या मास्तरांचं एक टोळकं होतं आणि गुरुजी त्यातले. हा शब्द त्या टोळक्यातला. चिंचेवरची हडळ? फोलपट. शनीची अंगठी? फोलपट. चुंबकाचं पाणी पिऊन गुडघे बरे होतात म्हणत फिरणारा तो सुटाबुटातला माणूस? तो तर एक नंबरचा फोलपट. गुरुजी गावच्या शाळेवर रुजू झाले ते हा शब्द तोंडात घेऊनच. वर्गात, पारावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे कुणी भुताचं नाव काढेल तिथे ते तो फेकत. लोक चिडतील, वाद घालतील, मग आपण त्यांना समजावून सांगू, असा त्यांचा बेत होता.

पण कुणी चिडलंच नाही. लोक नुसते बघत राहिले. गुरुजी अमावास्येला चिंचेखाली उभे राहून फोलपट म्हणाले आणि त्यांना काहीही झालं नाही. कुंताबाईच्या म्हशीला नजर लागली म्हणून ती दूध देईना. गुरुजी गोठ्यात जाऊन फोलपट म्हणाले आणि म्हैस पान्हावली. गावानं यातून आपला अर्थ काढला. हल्ली लेकरू झोपेत दचकलं की बाया मूठभर कोंडा त्याच्यावरून ओवाळत आणि तो शब्द म्हणत. हे कानावर आलं तेव्हा गुरुजी पोट धरून हसले होते. पवनीच्या टोळक्याला त्यांनी तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला होता.

आज मात्र त्यांना हसू येत नव्हतं.

"काकी, तो मंत्र नाही," ते म्हणाले. "मंत्राबिंत्राला नावं ठेवायलाच आम्ही तो म्हणतो."

"तुमी कायले बी म्हणा. आमाले लागू पडते ना." रुखमिणी हटेना. "सारे म्हणत होते, मांत्रिकाले बोलवा. मीच म्हटलं, नाही, आपल्या गुरुजीले आणा. अन् आता तुमीच अडून राहिले."

इतकी वर्षं गावातून मांत्रिक हटावा म्हणून गुरुजी घसा फोडत होते. मांत्रिक हटला होता, हे तर खरंच. पण त्याच्या जागी कोण येऊन बसलं होतं? शब्द उच्चारला तर केलेलं सगळं मातीत जाणार होतं. नाही उच्चारला तर ही पोर जाणार होती. त्यांनी ललिताच्या पापण्यांकडे पाहिलं.

"फोलपट," ते हलकेच म्हणाले.

रुखमिणी ताडकन उठली. चौघांनी खाट खांद्यावर घेतली.

एसटीच्या मागच्या लांब बाकावर ललिताला निजवलं. गुरुजी उशाशी बसले, रुखमिणी पायाशी. रस्ता खड्ड्यांचा होता, त्यात नाल्याला पाणी आलेलं. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. पोरीचा श्वास मधेच अडकायचा आणि त्याबरोबर गुरुजींचाही. खाटेपाशी आपण वाद घालत बसलो, तेवढ्या वेळानं ही गेली तर? त्यांना भयंकर भीती वाटत होती. कंडक्टर तिकीट फाडायला आला, गुरुजींच्या तोंडाकडे पाहून थबकला आणि न बोलता मागे सरला. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून त्यांना हात जोडले. कशासाठी, ते गुरुजींना समजेना. त्यांच्या घशाला कोरड पडली होती आणि जबडाही दुखत होता.

पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच सुई दिली, सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं नाडी पाहून ते म्हणाले, "वेळेवर आणलं तुम्ही. आता वाचेल."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगातला सारा ताण एकदम सैल पडला. आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते रुखमिणीकडे वळले.

"पाहिलं ना काकी? सुईनं वाचली ती. शब्दानं नाही."

रुखमिणीचं सुईकडे लक्षच नव्हतं. ती गुरुजींच्या ओठांकडे बघत होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

"थांबू नका गुरुजी," ती काकुळतीनं म्हणाली. "खाटेपासून इथवर तुमचं तोंड एक घडी थांबलं नाही. फोलपट, फोलपट, फोलपट. अजून तिनं डोळे उघडले नाही, अन् आत्ताच काहून थांबले?"