उष्ट्याचा हिशेब

शहराचं उष्टं खत होऊन पुन्हा वावरात कसं जाईल, या विषयावर दिवाकर गोतमारे नागपुरात पीएच.डी. करत होता. लग्नसराईत पंगत उठायच्या वेळी तो तराजू घेऊन उष्ट्या पत्रावळींपाशी जाऊन बसे. पण ते दिवस रेशनचे, लग्नात किती पाहुणे जेवले यावरही सरकारची नजर असलेले. "पुरवठ्याचा साहेब आला वाटते," अशी कुजबुज पंगतभर फिरायची आणि माणसं पत्रावळ चाटूनपुसून उठायची.

तीन वर्षांत दिवाकरला धड घमेलंभर उष्टं मिळालं नाही. उलट मुलींचे बाप पहिली पत्रिका त्यालाच आणून देऊ लागले. "येजा बरं, गोतमारे साहेब. तुम्ही बसले का अन्न वाया जात नाही."

शेवटी गाईड वैतागले. "उष्टंच नाही, तर प्रबंध कशावर लिहिणार? या उन्हाळ्यात आकडे आणा, नाहीतर नोंदणी रद्द समजा."

त्याच उन्हाळ्यात दिवाकरचंच लग्न निघालं. आदल्या दिवशी सासरे रुपराव हात जोडून म्हणाले, "जावईबापू, उद्या तुमचा तो तराजू तेवढा मांडवात ठेवजा. सारा खर्च माह्यावर हाय."

दिवाकर "हो" म्हणाला.



दुसऱ्या दिवशी तराजू चुलाण्यामागं लपवून त्यानं वाढप्या नत्थूला हळूच बाजूला घेतलं, "कोणी पत्रावळीवर हात आडवा धरला, तरी वाढतच राह्य गा."